अ‍ॅमस्टरडॅम : दोन चाकांवरची एक सायंकाळ

परके शहर पाहण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. मोटारीच्या काचेआडून पाहावे तर शहर भरभर मागे सरते आणि डोळ्यांत काहीच ठरत नाही. पायी हिंडावे तर दोन-चार गल्ल्यांतच पाय बोलू लागतात. सायकलचा वेग या दोहोंच्या मधला. वाटेतला वास नाकाला कळतो, खिडकीतला दिवा दिसतो, मनात आले की पाय टेकून थांबताही येते. म्हणूनच युरोपातील अनेक मोठ्या शहरांत सायंकाळच्या वेळी समूहाने सायकलवरून नगरदर्शन करण्याची प्रथा चांगलीच रुळली आहे. नेदरलँड्सच्या अ‍ॅमस्टरडॅम शहरात मात्र या फेरीला आणखी एक अर्थ आहे. तेथील रस्त्यांवर सायकल कशी टिकली, याची कथा त्या शहराच्या गेल्या पन्नास-साठ वर्षांच्या इतिहासाशी जोडलेली आहे.

ऑगस्टअखेरच्या एका सायंकाळी, सात वाजण्याच्या सुमारास, मध्यवर्ती रेल्वे स्थानकाजवळच्या एका गल्लीत बारा जणांचा असाच एक गट जमला होता. त्यात ब्राझीलचे नवविवाहित जोडपे होते, दोन कोरियन विद्यार्थिनी होत्या, स्पेनमधील एक मोठे कुटुंब होते आणि पुण्याहून आलेले एक निवृत्त बँक अधिकारी व त्यांच्या पत्नी होत्या. बाकीचे मौजेसाठी आले होते. पुण्याच्या आजी-आजोबांना मात्र त्यांच्या लेकीने पाठविले होते, आणि त्यामागे घरातला एक मतभेद होता.

लेक-जावई अ‍ॅमस्टरडॅमला लागूनच असलेल्या आम्स्टेल्वेन या उपनगरात राहतात. तेथे भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. आल्याच्या दुसऱ्याच सकाळी आजोबांनी पाहिले, की सहा वर्षांचा नातू पाठीला दप्तर लावून स्वतःच्या छोट्या सायकलवर बसला आणि आईच्या बरोबरीने भर रस्त्याने शाळेकडे निघाला. आजोबांच्या छातीत धस्स झाले. "एवढ्याशा पोराच्या हाती सायकल देऊन त्याला रस्त्यावर सोडता?" असे ते लेकीला सायंकाळी जरा रागानेच बोलले. लेकीने वाद घातला नाही. "बाबा, तुम्ही आणि आई एक संध्याकाळ इथे सायकलवरून हिंडून या, मग आपण बोलू," एवढेच ती म्हणाली आणि या फेरीत दोघांची नावे नोंदवून मोकळी झाली.

उलट्या पायडलचा ब्रेक

आजोबांना सायकल नवी नव्हती. १९७५ साली बँकेत लागल्यावर त्यांनी पहिली सायकल घेतली ती बँकेकडून मिळालेल्या सायकल अग्रिमातून, आणि तिचे हप्ते पगारातून कापले जात. सदाशिव पेठेतून लष्कर भागातील शाखेपर्यंतचा रस्ता त्यांनी कित्येक वर्षे त्याच सायकलवर तुडवला. त्या काळी पुणे म्हणजे सायकलींचे शहर. कार्यालये सुटण्याच्या वेळी लक्ष्मी रस्त्यावर घंट्यांचाच गजर असे. पुढे स्कूटर आली, रहदारी वाढत गेली. लेक दहावीला गेली त्या वर्षी, रस्त्यावर सायकल चालविणे आता धोक्याचे झाले म्हणून, तिची सायकल त्यांनी स्वतःच विकून टाकली. सहा वर्षांच्या नातवाला पाहून त्यांना जे भय वाटले, त्याचे मूळ तेथे होते.

वाटाड्या म्हणून लाभलेली डच तरुणी विद्यापीठात शिकत होती. तिने प्रथम नियम सांगितले. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालावे. वळताना हात दाखवावा. ट्रामचे रूळ काटकोनात ओलांडावेत, तिरपे गेल्यास चाक रुळात अडकते. रस्त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची रांग रंगविलेली असेल आणि त्यांची टोके आपल्याकडे असतील, तर समोरच्याला आधी जाऊ द्यावे. शेवटी तिने सायकलचा ब्रेक दाखविला. तो हँडलवर नव्हताच. पायडल उलटे फिरविले की मागचे चाक थांबे.

पहिल्याच चौकात आजोबांची बोटे हँडलवर नसलेला ब्रेक शोधू लागली आणि ते गटाला मागे टाकून सरळ पुढे निघून गेले. "अहो, उलटे पायडल मारा!" आजी मागून ओरडल्या. चाळीस वर्षांत सायकलला हात न लावलेल्या आजींना ती युक्ती केव्हाच साधली होती. महाविद्यालयात असताना त्या पाचवारी साडी नेसून सायकल चालवीत, हे त्या सायंकाळी स्पॅनिश कुटुंबालाही कळले.

बँकेच्या तळघरावरचा राजवाडा

पहिला थांबा 'दाम' या चौकाचा. गर्दीमुळे तेथे सारे उतरून सायकली हाती धरून चालले. समोरचा भव्य राजवाडा मुळात नगरभवन म्हणून बांधला गेला. त्याचे बांधकाम १६४८ मध्ये सुरू झाले. दलदलीच्या जमिनीत १३,६५९ लाकडी खांब ठोकून त्यांवर ही वास्तू उभारलेली आहे. १८०८ मध्ये नेपोलियनचा भाऊ लुई याने तिचा राजवाडा केला.

बँकेशी संबंध असलेल्या वाचकांना या वास्तूची दुसरी ओळख अधिक भावेल. १६०९ मध्ये स्थापन झालेली 'विसेलबँक', म्हणजे विनिमय बँक, आरंभी जुन्या आणि नंतर या नव्या नगरभवनातून चाले. त्या काळी नाना देशांची, कमीअधिक वजनाची, झिजलेली नाणी बाजारात फिरत. व्यापाऱ्याने ती या बँकेत आणून द्यावीत, बँकेने ती पारखून त्याच्या खात्यावर रक्कम जमा करावी आणि पुढचे देणे-घेणे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नोंद करून व्हावे, अशी ही व्यवस्था होती. युरोपभरचे व्यापारी तिच्यावर विसंबत. पुढे मात्र या बँकेने ईस्ट इंडिया कंपनीला आणि नगरपालिकेला गुपचूप मोठाली कर्जे दिली. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते उघडकीस येताच लोकांचा विश्वास उडाला आणि १८१९ मध्ये बँक बंद झाली. आजोबा राजवाड्याकडे पाहत म्हणाले, "खांब तेरा हजार, पण इमारत उभी होती ती विश्वासावर." आजींनी हे वाक्य वाटाड्या मुलीला इंग्रजीत सांगितले आणि तिने ते आपल्या टिपणवहीत उतरवून घेतले.

येथून अरुंद गल्ल्यांतून गट 'औदे होखस्ट्राट' या रस्त्यावर आला. तेथील विटांच्या जुन्या वास्तूत डच ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्य कार्यालय होते. आज ती वास्तू विद्यापीठाकडे आहे. १६०२ मध्ये या कंपनीचे भाग सर्वसामान्यांसाठी खुले झाले, तेव्हा नोंदवही कंपनीच्या एका संचालकाच्या घरी ठेवलेली होती. वही बंद होण्याच्या अखेरच्या दिवशी त्याच घरात काम करणाऱ्या नेल्टखेन कोर्नेलिस नावाच्या मोलकरणीने आपल्या बचतीतून शंभर गिल्डरची नोंद केली. मोठमोठ्या सावकारांच्या यादीत तिचे नाव आजही वाचावयास मिळते. याच कंपनीची एक वखार सतराव्या शतकात कोकणात वेंगुर्ल्यास होती, तिचे भग्न अवशेष अजून उभे आहेत. कंपनीच्या वैभवामागे पूर्वेकडील बेटांवरची सक्ती, युद्धे आणि गुलामांचा व्यापार होता, हेही त्या मुलीने न लपविता सांगितले.

रेम्ब्रांटचे गृहकर्ज

चार-सहाशे मीटरवर 'योडनब्रेस्ट्राट' लागतो. लाल झडपांच्या एका तीन-चार मजली घरासमोर सायकली थांबल्या. चित्रकार रेम्ब्रांट याने हे घर १६३९ मध्ये तेरा हजार गिल्डरला विकत घेतले. तेव्हा तो कीर्तीच्या शिखरावर होता. काही रक्कम त्याने आरंभी भरली, उरलेली काही वर्षांत फेडावयाची होती. हप्ते थकले, व्याज चढत गेले, हौसेने जमविलेल्या चित्रांवर आणि दुर्मीळ वस्तूंवर पैसा जातच राहिला. १६५६ मध्ये त्याला दिवाळे जाहीर करावे लागले. पुढे घर आणि सामान लिलावात गेले.

लिलावापूर्वी अधिकाऱ्यांनी खोलीगणिक साऱ्या वस्तूंची यादी केली होती. तीच यादी पुढे उपयोगी पडली. १९११ पासून संग्रहालय असलेल्या या घराची मांडणी आज तिच्या आधारे रेम्ब्रांटच्या काळाप्रमाणे केलेली आहे. कोणती खुर्ची कोठे होती, कोणते चित्र कोणत्या भिंतीवर होते, हे एका कर्जबुडीच्या कागदामुळे जगाला कळते. आयुष्यभर तारण मालमत्तेच्या याद्या तपासलेले आजोबा या घरासमोर बराच वेळ उभे राहिले.

याच परिसरात आणखी एक लढा झाला. शेजारच्या नियूमार्क्ट भागातून भुयारी रेल्वे आणि रुंद मोटाररस्ता काढण्यासाठी जुनी घरे पाडण्याचे ठरले होते. रहिवाशांनी त्यास कडवा विरोध केला आणि मार्च १९७५ मध्ये येथे पोलीस व नागरिक यांच्यात मोठी चकमक झाली. रेल्वे झाली, परंतु मोटाररस्ता झाला नाही आणि त्या भागात पुन्हा जुन्या घडणीची घरे व अरुंद रस्ते बांधण्यात आले. ज्या रस्त्यावरून गट आता सावकाश जात होता, तो रस्ता या विरोधामुळे वाचला होता.

सात पूल आणि दिवेलागण

आम्स्टेल नदीवर आल्यावर ऊन कलले. 'माखेरे ब्रूख' म्हणजे 'किडकिडीत पूल'. पांढऱ्या लाकडाचा, मधोमध उचलला जाणारा हा पूल दिवेलागणीला दिव्यांच्या माळांनी उजळतो. तेथून गट सतराव्या शतकातील कालव्यांच्या काठाने निघाला. हेरेनग्राख्त, कैझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त हे तीन मोठे कालवे जुन्या शहराभोवती अर्धवर्तुळाकार पसरले आहेत. २०१० मध्ये युनेस्कोने या कालव्यांच्या परिसराची जागतिक वारशाच्या यादीत नोंद केली. काठावरची घरे अरुंद व उंच आहेत, प्रत्येकाच्या माथ्यावर एक तुळई आणि तिला आकडा आहे. जिने इतके अरुंद, की कपाट किंवा पलंग दोराने ओढून खिडकीतूनच आत घ्यावा लागतो. सामान भिंतीस लागू नये म्हणून पुष्कळ घरांचे दर्शनी भाग मुद्दाम किंचित पुढे झुकविलेले आहेत.

हेरेनग्राख्त आणि रेखुलिर्सग्राख्त यांच्या संगमावर वाटाड्या मुलीने सर्वांना एका विशिष्ट जागी उभे केले. समोर एकामागे एक सात पुलांच्या कमानी होत्या, प्रत्येक कमानीच्या कडेने दिवे लागलेले आणि त्यांची प्रतिबिंबे पाण्यात जुळून पूर्ण वर्तुळे झालेली. कोणीच काही बोलले नाही. कठड्याला साखळ्यांनी बांधलेल्या सायकलींची रांग दूरवर गेली होती. या कालव्यांतून दरवर्षी बारा ते पंधरा हजार सायकली बाहेर काढाव्या लागतात, हे ऐकल्यावर मात्र कोरियन मुलींना हसू आवरेना.

एका मुलीच्या बापाचा लेख

पुढचा थांबा राष्ट्रीय संग्रहालयाचा, म्हणजे 'राइक्सम्युझियम'चा. १८८५ मध्ये उघडलेल्या या वास्तूच्या पोटातून सायकलींचा रस्ता जातो. २००३ ते २०१३ या काळात संग्रहालयाचे नूतनीकरण झाले, तेव्हा हा मार्ग सायकलींना बंद करावा असा विचार पुढे आला. शहरातल्या सायकलस्वारांनी तो हाणून पाडला आणि २०१३ च्या मे महिन्यात मार्ग पुन्हा खुला झाला. कमानींखाली कोणी वादक वाजवीत बसलेला होता. त्याचे सूर ऐकत बाराही सायकली त्या वास्तूतून पलीकडच्या मोठ्या मैदानावर आल्या.

हिरवळीवर बसून वाटाड्या मुलीने जे सांगितले, त्यासाठीच जणू लेकीने आई-वडिलांना पाठविले होते. हे शहर मुळापासूनच असे सायकलींचे राहिले, असा पाहुण्यांचा समज असतो. तो खरा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर येथेही मोटारी वाढल्या आणि सायकली हटू लागल्या. १९५४ मध्ये शहराच्या पोलीसप्रमुखाने मोटारींसाठी काही कालवे बुजवावेत अशी सूचना केली होती. १९६७ मध्ये डेव्हिड योकिनन या अमेरिकी तज्ज्ञाने शहरात थेट द्रुतगती मार्ग आणण्याची योजना मांडली. ज्या मैदानावर गट बसला होता, त्याच्या मधूनही पूर्वी एक रुंद मोटाररस्ता जात असे. १९९९ मध्ये पूर्ण झालेल्या नव्या रचनेत तो काढून टाकण्यात आला.

या वाढीची किंमत मुलांनी मोजली. १९७१ या एका वर्षात नेदरलँड्समध्ये रस्त्यावरील अपघातांत सुमारे ३,३०० माणसे मरण पावली, त्यांत चारशेहून अधिक बालके होती. त्यांपैकी एक मुलगी सहा वर्षांची होती. ती सायकलवरून शाळेत निघाली होती. तिचे वडील विक लांगेनहॉफ हे पत्रकार होते. त्यांनी १९७२ मध्ये लिहिलेल्या लेखाचे शीर्षक होते 'मुलांच्या हत्या थांबवा'. त्याच नावाने देशभर चळवळ उभी राहिली. आई-वडील मुलांना घेऊन रस्त्यांवर बसले. १९७३ च्या तेलसंकटात सरकारने काही रविवार मोटारींना बंदी केली आणि मोकळ्या रस्त्यांवर लोकांनी मनसोक्त सायकली चालविल्या. रस्ता कसा असू शकतो, हे त्यांना प्रत्यक्ष दिसले. १९७५ मध्ये सायकलस्वारांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. याच मैदानावर हजारो सायकलस्वार एकत्र येत असत. वेगळे सायकलमार्ग, मोटारींच्या वेगावर बंधने, वस्त्यांतील शांत रस्ते या गोष्टी त्या रेट्यातून, एकेक करून, वर्षानुवर्षे घडत गेल्या. ८ डिसेंबर २०२३ पासून अ‍ॅमस्टरडॅमच्या बहुतेक रस्त्यांवर मोटारींना ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आहे.

सारे काही साधले आहे असेही नाही. २०२३ मध्ये त्या देशात रस्त्यांवर ६८४ मृत्यू झाले, त्यांत २७० सायकलस्वार होते. विजेवर चालणाऱ्या सायकलींचा वेग आणि वृद्धांचे अपघात ही तेथील आजची चिंता आहे. मुलीने हे आकडेही सांगितले.

आजोबा बराच वेळ हिरवळीकडे पाहत राहिले. "सहा वर्षांची," ते आजींना हळूच म्हणाले. "आपल्या पिंट्याएवढी." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "त्या बापाने रस्ता बदला म्हणून लिहिले. मी सायकल विकली." आजींनी त्यावर काही उत्तर दिले नाही. आपल्याजवळची पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरली.

पायी गेलेली मुलगी

परतीची वाट प्रिन्सेनग्राख्तच्या काठाने होती. अंधार पडला होता. पुढे पांढरा, मागे लाल असे दिवे लावलेल्या सायकलींची ओळ पाण्याकाठाने सरकत होती. वेस्टरकेर्क या चर्चच्या मनोऱ्याजवळ २६३ क्रमांकाच्या घरासमोर सारे उतरले. ॲन फ्रँक आणि तिचे कुटुंबीय या घराच्या मागच्या भागात नाझींपासून दोन वर्षांहून अधिक काळ लपून राहिले होते. १९४२ च्या जून महिन्यात येथील ज्यू नागरिकांना आपल्या सायकली सरकारजमा करण्याचा हुकूम झाला. ट्राममध्ये बसण्यासही त्यांना बंदी होती. ६ जुलै १९४२ रोजी ॲन आणि तिचे आई-वडील भर पावसात पायी चालत येथे आले, अंगावर एकावर एक कपडे चढवून, कारण हातात मोठ्या पेट्या दिसल्या असत्या तर संशय आला असता. ४ ऑगस्ट १९४४ रोजी त्यांना पकडण्यात आले. युद्ध संपले तेव्हा त्यांच्यापैकी एकटे वडील जिवंत होते. घरासमोर थांबलेल्या गटात कोणी छायाचित्र काढले नाही.

नऊ-साडेनऊच्या सुमारास गट पुन्हा स्थानकाजवळ पोहोचला. सारी फेरी आठ-नऊ किलोमीटरचीच होती. स्थानकासमोर पाण्याखाली बांधलेले, २०२३ मध्ये खुले झालेले सायकलींचे वाहनतळ वाटाड्या मुलीने शेवटी दाखविले. त्यात सुमारे सात हजार सायकली मावतात आणि पहिले चोवीस तास काही आकार पडत नाही. खाली उतरणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर एक आजी आपली सायकल धरून उभ्या होत्या. वय ऐंशीच्या पुढचे असावे. पुण्याच्या आजींनी त्यांना हात केला आणि त्यांनीही हसून हात हलविला.

घरी पोहोचेपर्यंत नातू झोपला होता. लेकीने काही विचारले नाही आणि आजोबांनीही काही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला नातू दप्तर लावून बाहेर आला, तेव्हा अंगणात आजोबा जावयाच्या सायकलवर बसून उलटे पायडल मारून ब्रेक लागतो की नाही हे पाहत होते. "आज मी सोडतो याला," ते म्हणाले. नातवाने आजोबांना एकदा नीट न्याहाळले आणि बजावले, "आजोबा, वळताना हात दाखवायचा हं." मग तो पुढे आणि आजोबा मागे, असे ते दोघे लाल रंगाच्या सायकलमार्गावरून शाळेकडे गेले.

सहलीस निघण्यापूर्वी

नेदरलँड्सला जाण्यासाठी शेंगेन व्हिसा लागतो आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय प्रवास विमा आवश्यक असतो. सायकलवरील अपघात विम्यात अंतर्भूत आहे की नाही, हे विमापत्र घेतानाच पाहून घ्यावे. विदेश चलन कार्ड जवळ असले तरी थोडे सुटे युरो बाळगावेत. नाव नोंदवितानाच आपली उंची कळवावी, म्हणजे योग्य मापाची सायकल मिळते. हेल्मेट हवे असल्यास तेही आधीच सांगावे, कारण तेथील बहुतेक लोक ते वापरत नाहीत. ज्यांचा सराव सुटला आहे त्यांनी दहा मिनिटे एखाद्या मोकळ्या रस्त्यावर चालवून पाहावी. सायकल चालविताना भ्रमणध्वनी हाती धरणे १ जुलै २०१९ पासून तेथे दंडनीय आहे. छायाचित्र काढावयाचे असल्यास कडेला घेऊन, पाय टेकून, थांबावे.